जुना सुपरहिरो नव्याने लिहिताना

कथेला शेवट असतो. सुपरहिरोच्या मालिकेला तो नसतो, आणि लेखकाची सगळी अडचण इथूनच सुरू होते. सुपरमॅन १९३८ पासून छापला जातोय, बॅटमॅन १९३९ पासून, स्पायडरमॅन १९६२ पासून. त्यांना जन्म देणारे लेखक-चित्रकार गेले, पहिले वाचकही बरेचसे गेले, पात्रं मात्र नव्या अंकात हजर असतात. वाचकाला नायक ओळखीचा हवा असतो आणि गोष्ट न वाचलेली. या दोन्ही मागण्या रास्त आहेत.

हा लेख अशी मालिका लिहिणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्या कुणी घडवलेला नायक तुमच्या हाती आला असेल, किंवा तुमचंच वेबकॉमिक इतकी वर्षं चाललं असेल की आता नवं काय सांगायचं असा प्रश्न पडला असेल, तरी काम तेच आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. मालिकेला ताजेपणा उलथापालथीतून क्वचितच येतो. पात्राबद्दल सगळ्यांना ठाऊक असलेली एखादी गोष्ट कुणीतरी पहिल्यांदा नीट निरखून पाहतं, तेव्हा तो येतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: वाचा आणि गाभा लिहून काढा

मालिका हाती आली की लगेच पहिला अंक लिहायला बसू नका. पात्राची मूळकथा वाचा, गाजलेले कालखंड वाचा आणि पडलेले कालखंडही वाचा. गाजलेल्या अंकांतून पात्र काय पेलू शकतं ते कळतं, पडलेल्या अंकांतून त्याला काय मानवत नाही ते कळतं. वाचता वाचता दोन याद्या करा. पहिलीत पात्राच्या बाबतीत होऊन गेलेल्या मोठ्या घटना: लग्न, मृत्यू, शक्ती जाणं, ओळख उघड होणं. दुसरीत कुणीतरी सुरू करून अर्धवट सोडलेले धागे, एका अंकात येऊन नाहीशी झालेली माणसं, कुणी न विचारलेले प्रश्न. पहिली यादी पुनरावृत्ती टाळायला उपयोगी पडते. पण लिहिण्याचा खरा ऐवज दुसऱ्या यादीत असतो.

मग पात्राचा गाभा दोन-तीन वाक्यांत लिहा. शक्ती, पोशाख आणि शहर यांचा उल्लेख न करता. स्पायडरमॅनचा गाभा ‘भिंतीवर चढणारा मुलगा’ हा नाही. एकदा मदत करणं त्याच्या हातात होतं आणि त्याने ती केली नाही. त्याची किंमत घरच्या माणसाने जीव देऊन मोजली. आता तो मदत टाळू शकत नाही, आणि दर वेळी ती मदत त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून काहीतरी घेऊन जाते. स्पायडरमॅनच्या मुखवट्यामागचा माणूस म्हणजे पीटर पार्कर; हा गाभा पंधरा वर्षांच्या पीटरलाही लागू पडतो आणि तिशीतल्या पीटरलाही.

लिहिलेल्या वाक्यांत दुसऱ्या एखाद्या नायकाचं नाव घालून पाहा. तरीही ती खरी ठरत असतील, तर गाभा अजून सापडलेला नाही. ‘तो न्यायासाठी लढतो’ हे कुणाबद्दलही म्हणता येतं.

गाभा पहिल्या अंकातच असतो असंही नाही. बॅटमॅन १९३९ च्या मे महिन्याच्या अंकात आला. त्याच्या आईवडिलांचा खून वाचकांनी पाहिला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या अंकात. स्वतःची मालिका लिहिणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. तुमच्या नायकाचं मर्म तुम्हाला दहाव्या अंकात सापडलं असेल, तर ते तिथूनच उचला. पहिल्या अंकाशी इमान राखायच्या नादात ते हरवू नका.

दुसरी पायरी: काळाचं गणित ठरवा

नायकाचं वय वाढतं की नाही, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पीटर पार्कर १९६२ साली शाळकरी मुलगा होता आणि १९६५ साली शाळा संपवून कॉलेजात गेला, म्हणजे जवळपास खऱ्या वेगाने मोठा झाला. तो वेग तसाच राहिला असता तर आज तो म्हातारा असता. पुढे त्याचा काळ मंदावला. मोठ्या प्रकाशकांची तडजोड साधारण अशी आहे: सगळा इतिहास गेल्या दहा-पंधरा वर्षांत घडला असं मानायचं आणि तो कालखंड दर वर्षी पुढे सरकवत न्यायचा.

यात मूळकथेतले ऐतिहासिक खिळे अडचणीचे ठरतात. १९६३ साली टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, व्हिएतनामच्या युद्धभूमीवर जखमी झाला होता. पुढे ती जागा अफगाणिस्तानला द्यावी लागली. ते चाललं, कारण तिथे युद्ध कुठलंही असलं तरी शस्त्रं बनवणारा शस्त्रानेच जखमी होतो ही गोष्ट शाबूत राहते. कॅप्टन अमेरिकाची तर सोयच झाली. दुसऱ्या महायुद्धातला हा सैनिक बर्फात गोठलेला होता, त्यामुळे ते युद्ध जितकं दूर जाईल तितकं त्याचं एकटेपण वाढतं आणि पात्र जुनं होण्याऐवजी खोल होतं. एक्स-मेनचा शत्रू मॅग्नेटो याचं बालपण मात्र नाझींच्या छळछावणीतलं आहे आणि ते दुसरीकडे हलवता येत नाही. हलवलं तर माणूसच बदलतो. तिथे त्याचं वय जुळवण्यासाठी कथेतच काहीतरी युक्ती योजावी लागते, आणि तीच योग्य वाट आहे. तुमच्या नायकाच्या मूळकथेतला कुठला खिळा काढता येतो आणि कुठला काढला तर भिंतच पडते, हे आत्ताच तपासून घ्या.

काळाचा आणखी एक उपयोग आहे. मुख्य नायक गोठलेला ठेवायचा असेल तर भोवतालच्या माणसांना वाढू द्या. डिक ग्रेसन १९४० साली बॅटमॅनचा साथीदार रॉबिन म्हणून आला तेव्हा लहान मुलगा होता. १९८४ साली तो रॉबिनचा पोशाख उतरवून नाइटविंग झाला. बॅटमॅन होता तिथेच राहिला, पण त्याच्या घरातून एक मुलगा मोठा होऊन बाहेर पडला, आणि तेवढ्याने वाचकाला वेळ पुढे गेल्याचं जाणवलं.

तिसरी पायरी: एक गृहीत धरलेली गोष्ट निवडा आणि खणा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. पात्राबद्दल वाचक, संपादक आणि तुम्ही स्वतः काय काय गृहीत धरता ते कागदावर उतरवा. मग प्रत्येकासमोर ‘पण खरंच?’ असं लिहा.

लेखक ॲलन मूरने १९८४ साली स्वॅम्प थिंगच्या बाबतीत नेमकं हेच केलं. तोवरची समजूत अशी की ॲलेक हॉलंड नावाचा शास्त्रज्ञ स्फोटानंतर दलदलीत पडला आणि राक्षस झाला. आता त्याला पुन्हा माणूस व्हायचं आहे. मूरच्या कथेत त्या देहाची चिरफाड होते आणि कळतं की हॉलंड केव्हाच मेला. हा देह वनस्पतींचा आहे, आणि त्या वनस्पतींना आपण हॉलंड आहोत असं वाटतंय. जुना एकही अंक खोटा ठरला नाही. प्रत्येक प्रसंग घडला तसाच राहिला, फक्त त्याचा अर्थ बदलला. आणि ‘हा पुन्हा माणूस कधी होणार’ या थकलेल्या प्रश्नाच्या जागी ‘कधीच माणूस नव्हता त्याने आता जगायचं कसं’ हा जिवंत प्रश्न आला.

हल्कचं उदाहरणही पाहण्यासारखं आहे. १९६२ च्या पहिल्या अंकात ब्रूस बॅनर रागामुळे हल्क होत नव्हता, सूर्य मावळला की होत होता. रागाचा नियम नंतर पक्का झाला आणि रात्रीचा विसरला गेला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत ॲल युइंगने तो विसरलेला नियम उचलला: बॅनर दिवसा मरतो, आणि रात्र झाली की हल्क उठतो. सुपरहिरोची मारामारी होती तिथे भयकथा उभी राहिली, आणि ती पन्नास अंक चालली. बाहेरून काहीही आणलेलं नव्हतं. सामान घरातच पडून होतं.

कथेचा प्रकार बदलणं हीदेखील खणण्याचीच एक रीत आहे, मात्र तो प्रकार पात्राच्या गाभ्यातून निघाला पाहिजे. हॉकआय हा देवांच्या आणि महाबलींच्या संघातला धनुष्यबाण घेतलेला साधा माणूस. २०१२ च्या मालिकेत मॅट फ्रॅक्शन आणि चित्रकार डेव्हिड आहा यांनी तो संघाच्या कामावर नसताना काय करतो एवढंच दाखवायचं ठरवलं. इमारतीतले भाडेकरू, गुंड, मोडलेली हाडं. एक अख्खा अंक त्यांनी त्याच्या कुत्र्याच्या नजरेतून सांगितला, वासांच्या आणि अर्ध्यामुर्ध्या कळणाऱ्या शब्दांच्या आधाराने. हॉकआय साधा आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं, पण त्या साधेपणालाच कुणी कथा मानलं नव्हतं.

जोडणारी दुरुस्ती, हिरावून घेणारी दुरुस्ती

खणताना जुन्या इतिहासात बदल करावा लागतो. याला रेटकॉन म्हणतात, आणि वाचकांचा सर्वांत तीव्र राग इथेच ओढवतो. माझी कसोटी एकच आहे: या बदलानंतर जुना अंक पुन्हा वाचला, तर तो आधीपेक्षा भरलेला वाटेल की पोकळ?

१९६४ साली वाचकांना सांगण्यात आलं की कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी युद्धाच्या अखेरीस मारला गेला. चाळीस वर्षं हा मृत्यू पवित्र मानला गेला. २००५ मध्ये एड ब्रुबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांनी बकीला परत आणलं, स्मृती पुसलेला सोव्हिएत मारेकरी म्हणून. हे फसायची पुरेपूर शक्यता होती. फसलं नाही, कारण कॅप्टनचं जुनं दुःख खोटं ठरलं नाही, उलट वाढलं: आपण ज्याच्यासाठी शोक केला तो इतकी वर्षं जिवंत होता आणि आपण त्याला शोधलं नाही.

याउलट १९९४ ते १९९६ मध्ये स्पायडरमॅनच्या वाचकांना सांगण्यात आलं की इतकी वर्षं तुम्ही ज्याला पीटर समजत होता तो त्याची प्रतिकृती आहे आणि खरा पीटर दुसराच. जवळपास वीस वर्षांचे अंक एका फटक्यात परक्या माणसाचे झाले. शेवटी हा निर्णय मागे घ्यावा लागला. पुन्हा २००७ मध्ये पीटरने काकूचा जीव वाचवायला सैतानाशी सौदा केला आणि त्याचं मेरी जेनशी झालेलं लग्न इतिहासातून पुसलं गेलं. नायक अविवाहित हवा ही संपादकीय गरज मला समजते. पण ज्या पात्राचा गाभा ‘आपल्या चुकीची किंमत मोजणं’ हा आहे, त्याने सौदा करून किंमत टाळली, हे मला आजही पटत नाही. लग्न मोडलं असतं तर ती कथा झाली असती. पुसल्याने कथेची जागा रिकामी राहिली.

चौथी पायरी: शक्ती कमी करू नका, प्रश्न बदला

नायक फार बलवान झाला की लेखक त्याची शक्ती छाटायला धावतात. १९७१ मध्ये सुपरमॅनच्या मालिकेत पृथ्वीवरचं क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याला दुबळं करणारं खनिज, निकामी झालं आणि त्याचं बळही बरंच घटवलं गेलं. पण लेखक बदलले आणि बळ गुपचूप परत आलं. शक्ती वाढण्याकडेच अशा मालिकांचा ओढा असतो. एकटा लेखक तो फार काळ थोपवू शकत नाही.

त्यापेक्षा बळ जिथे उपयोगी पडत नाही असा प्रसंग रचा. ज्याला शहरातला प्रत्येक आवाज ऐकू येतो, त्याने झोपायचं कधी? दोन हाका एकाच क्षणी आल्या तर? ज्याला वाचवलं त्यालाच वाचायचं नव्हतं तर? प्रत्येक कथेचा आराखडा झाल्यावर विचारा: नायकाने आणखी जोरात ठोसा मारला असता तर हा प्रश्न सुटला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर आराखडा पुन्हा करा.

पाचवी पायरी: खलनायकांना विश्रांती द्या, आणि कधी घरही बदलून द्या

प्रत्येक नव्या लेखकाला सर्वांत मोठा खलनायक पहिल्याच वर्षी हवा असतो. तो मोह आवरा. जो खलनायक दर सहा महिन्यांनी हरतो त्याला कुणी घाबरत नाही. त्याला बराच काळ दूर ठेवा, नुसतं नाव येऊ द्या, दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरची भीती दिसू द्या.

किंगपिन १९६७ साली स्पायडरमॅनचा शत्रू म्हणून आला होता. फ्रँक मिलरने ‘डेअरडेव्हिल’ १९७९ मध्ये चित्रकार म्हणून हाती घेतलं आणि १९८१ पासून तो लिहूही लागला. ती मालिका तेव्हा दोन महिन्यांतून एकदा निघत होती. मिलरने किंगपिनला तिथे आणलं, आणि जोडी अशी जुळली की आज तो डेअरडेव्हिलचाच शत्रू वाटतो. कारण साधं आहे: डेअरडेव्हिल दिवसा वकील असतो, आणि किंगपिन कायद्याला विकत घेणारा माणूस आहे. स्पायडरमॅनला तो मारामारीत भारी पडत होता; डेअरडेव्हिलच्या तो श्रद्धेवर घाव घालतो. तुमच्या नायकाच्या गाभ्यावर नेमका घाव घालणारा खलनायक कदाचित दुसऱ्याच मालिकेत, किंवा तुमच्याच मालिकेच्या एखाद्या कोपऱ्यात, वाया चालला असेल.

सहावी पायरी: वारस आणायचा तर त्याचं स्वतःचं दुखणं घेऊन आणा

मुखवटा तोच, माणूस नवा, ही युक्ती फार जुनी आहे. वेताळ म्हणजे फँटम १९३६ साली आला तोच मुळी एकविसावा फँटम म्हणून; बापाकडून मुलाकडे जाणारा मुखवटा हीच त्याची अमरता. विजेच्या वेगाने धावणाऱ्या फ्लॅशच्या बाबतीत १९५६ मध्ये पहिला फ्लॅश जे गॅरिक याच्या जागी बॅरी ॲलन हा पूर्णपणे नवा माणूस आला, आणि १९८५ मध्ये बॅरीचा मृत्यू झाल्यावर त्याचा शिष्य वॉली वेस्ट फ्लॅश झाला. वॉली टिकला तो वेगामुळे नव्हे. गेलेल्या गुरूची जागा घेतल्याचं ओझं, आपण त्याच्या तोडीचे नाही ही भीती, आणि तोडीचे झालो तर तो खरंच विसरला जाईल ही त्याहून मोठी भीती, हे सगळं त्याचं स्वतःचं होतं. २०११ मध्ये आलेल्या नव्या स्पायडरमॅनचं, माइल्स मोरालेसचंही तसंच. मूळ स्पायडरमॅनच्या जगात नसलेलं कुटुंब, घर आणि अपराधभाव तो घेऊन आला.

वारस फसतो तो दोन कारणांनी. जुन्याला कमी लेखून नव्याला मोठं केलं जातं, किंवा नव्याला जुन्याचेच प्रश्न दिले जातात. आणि जुना परत येणार हे वाचकाला ठाऊक असतं, तेव्हा तो आल्यावर वारसाचं काय होणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा.

मृत्यूबद्दल थोडक्यात. १९९२ साली सुपरमॅन मेला, अंकाच्या लाखो प्रती खपल्या, पुढच्या वर्षी तो परत आला. तेव्हापासून नायकाच्या मृत्यूवर वाचक विश्वास ठेवत नाहीत, आणि ठेवू नये. १९८८ मध्ये दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा यावर वाचकांकडून फोनवर मतं घेतली गेली. अवघ्या ७२ मतांच्या फरकाने तो मेला. त्या निकालापेक्षा पुढे बॅटमॅनला वर्षानुवर्षं सलणारं अपयश कथेच्या जास्त कामी आलं. मारायचंच असेल तर मागे उरलेल्यांच्या पुढच्या दोन वर्षांच्या कथा आधी लिहा. त्या सुचत नसतील तर मारू नका.

सातवी पायरी: अंकांची वीण

मोठी कल्पना महिन्याच्या महिन्याला पोहोचवायची तर वीण पक्की हवी. ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ लिहिणाऱ्या पॉल लेव्हिट्झची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. एका वेळी तीन कथा चालू ठेवायच्या: मुख्य कथेला बहुतेक पानं, दुसरीला काही पानं, तिसरीला जेमतेम एखादं पान किंवा दोन चौकटी. मुख्य कथा संपली की दुसरी तिची जागा घेते, तिसरी दुसऱ्या क्रमांकावर येते, आणि खाली नवं बीज पडतं. कागदावर आडवे अंक आणि उभ्या कथा मांडून तक्ता करा. तिसऱ्या ओळीत सलग चार-पाच अंक काहीच नसेल, तर वर्षभराने तुमची मालिका अडखळणार हे आजच कळेल.

‘एक्स-मेन’चं उदाहरण इथे लक्षात घ्या. १९७० च्या अखेरीपासून १९७५ पर्यंत त्या मालिकेत नवी कथाच नव्हती. जुने अंक पुन्हा छापले जात होते. १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी वेगवेगळ्या देशांतली माणसं आणून नवा संघ उभा केला. पण १९९१ पर्यंत क्रिस क्लेरमाँटने ती चालती ठेवली ती या माणसांच्या आपसांतल्या लांबत जाणाऱ्या धाग्यांवर. लढाया येत-जात राहिल्या. वाचक पुढचा अंक घेत होता तो त्या माणसांसाठी.

प्रत्येक अंकात नव्या वाचकाला आत यायला दारही ठेवा: नायक कोण, त्याला आत्ता काय हवंय, काय आडवं आलंय, एवढं पहिल्या तीन पानांत, संवादातून आणि कृतीतून. आधीचे वीस अंक वाचल्याशिवाय न समजणारा अंक जुन्या वाचकालाही दमवतो.

आठवी पायरी: चित्रकाराशी आधी बोला

कथा पूर्ण लिहून मग चित्रकाराकडे पाठवली, तर अर्धा ताजेपणा वाया जातो. आहाच्या पानांवरच्या बारीक, काटेकोर चौकटी आणि मोजके रंग काढून टाकले तर तो हॉकआय उरत नाही. पोशाख बदलायचा असेल तर त्यामागे कथा ठेवा. १९८४ मध्ये स्पायडरमॅनला काळा पोशाख मिळाला, तो जिवंत असल्याचं कळलं, पीटरने तो झिडकारला आणि १९८८ मध्ये त्यातूनच व्हेनम हा खलनायक उभा राहिला. रंगबदलातून इतकं पीक निघालं, कारण त्या पोशाखाला स्वतःची इच्छा दिली गेली होती.

शेवटची पायरी: मालिका सोपवताना

तुमचे शेवटचे सहा अंक शिल्लक असतील तेव्हा नवं काही उघडू नका. तुम्ही सुरू केलेले धागे बांधा, पण जुन्या लेखकांकडून आलेली पात्रं मारून किंवा जागा उद्ध्वस्त करून जाऊ नका. ती तुमच्या मालकीची नव्हती. संपादकासाठी तीन-चार पानांची टिपणं ठेवा: कोण कुठे आहे, कुणाला काय ठाऊक आहे, कुठली वचनं वाचकाला दिली आणि पाळली नाहीत. न वापरलेल्या कल्पनांची यादीही त्यांतच जोडा, आणि तुमच्या गाभ्याच्या त्या दोन-तीन वाक्यांची प्रतही. पुढचा लेखक ती वाक्यं खोडून स्वतःची लिहील. त्यासाठी त्या पानावर मोकळी जागा सोडा.